त्रिनिदादमधला पहिला गुड फ्रायडे : शेजाऱ्यांकडे जेवायला काय न्यावं?

शेवंती | २० मार्च २०२४

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज अडचण आली म्हणून लिहितेय.

नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑक्टोबरपासून आम्ही त्रिनिदादला, सान फर्नांडोमध्ये आहोत. येत्या २९ तारखेला गुड फ्रायडे. पुण्यात असताना माझ्या लेखी गुड फ्रायडे म्हणजे लाँग वीकेंड आणि महाबळेश्वरच्या घाटातला ट्रॅफिक, एवढंच. इथे मात्र आठवडाभर आधीपासून लोकांची लगबग चाललीय. बेकऱ्यांमध्ये क्रॉसवाल्या बनांचे ढीग लागलेत, मासळीबाजारात ही गर्दी.

तर शेजारणीने आम्हाला त्या दिवशी जेवायला बोलावलंय. घर मोठं मजेशीर आहे. सासूबाई, म्हणजे त्यांची 'अजी' (हो, आपल्यासारखंच, फक्त 'आ' जरा आखूड), प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंट) ख्रिश्चन. सून हिंदू, अंगणात बांबूंवर लाल-पिवळ्या झेंड्या. नातवंडं दोन्हीकडचा प्रसाद खातात. सून म्हणाली, "पहाटे आपण सिपारियाला माईच्या दर्शनाला जाऊ, मग दुपारी घरी जेवण." माई म्हणजे चर्चमधली मूर्ती! मी हो म्हणून बसलेय.

आता प्रश्न :
एक, रिकाम्या हाताने जायचं नाही, तर काय करून नेऊ? मी पुरणपोळीचा विचार करतेय.
दोन, हा दिवस नेमका कसा 'साजरा' करतात? तोंडातून भलतंच काही जाऊ नये एवढीच इच्छा.

---

खवचट_काकू

पहिलं भलतंच आत्ताच सांगून ठेवते : "हॅपी गुड फ्रायडे" म्हणू नकोस. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एक जण कबुतराच्या चित्रासकट टाकतो.

---

नागपुरी_तडका

पुरणपोळी न्या बिनधास्त. पुरणपोळीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

---

कुपारी

@नागपुरी_तडका, जरा थांबा. मी वसईचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या हा दिवस पाळला जातो, म्हणून सांगतो.

मराठीत आम्ही 'उत्तम शुक्रवार' म्हणतो, पण दिवस शोकाचा. प्रभूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी मिस्सासुद्धा (चर्चमधला प्रभुभोजनाचा विधी) होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास उपासना, दुःखसहनाचं वाचन, क्रुसाला वंदन. वेदी उघडी असते, फुलं नाहीत, घंटा वाजत नाही. कॅथलिकांना १८ ते ५९ वयापर्यंत उपवास, म्हणजे दिवसातून एकच पोटभर जेवण, आणि मांस पूर्ण वर्ज्य. मासे चालतात. आमच्या घरी पेज आणि फार तर सुक्या मासळीचा तुकडा. आई त्या दिवशी आरशात बघून केससुद्धा विंचरायची नाही. (हा चर्चचा नियम नव्हे, आईचा.)

आता तुम्हीच सांगा, ज्या घरी असा दिवस आहे तिथे पुरणपोळी घेऊन जायची? तुमच्याकडे सुतकात पुरण शिजतं का?

---

शेवंती

बापरे. बरं झालं विचारलं. पण मग जेवायला बोलावलंच कसं?

---

वाटाड्या

शेवंतीताई, मी तिकडे अकरा वर्षं काढली, कुवा गावात. आता पुण्यात. सविस्तर लिहितो, कारण कुपारी म्हणतात ते वसईला शंभर टक्के खरं असलं तरी त्रिनिदादचा गुड फ्रायडे जरा वेगळं प्रकरण आहे.

तिथे त्या दिवशी मासे खाणं हा धर्माचा भाग कमी आणि बेटाचा रिवाज जास्त. तुमची अजी प्रेस्बिटेरियन, तिला मांस वर्ज्य करण्याचं बंधनच नाही. तरी मासेच करणार. हिंदू घरांतही त्या दिवशी चिकन शिजताना मी फारसं पाहिलं नाही. पानात साधारण हे : किंगफिश (आपला सुरमई-घराण्यातला) किंवा खारवलेला सुका मासा, 'प्रोव्हिजन' म्हणजे उकडलेली कंदमुळं (दाशीन, एडो, कसावा, रताळं), आणि कलालू. सकाळी क्रॉसवाले बन. घरोघरी माणसं बोलावतात. आवाज मात्र खालचा. गाणी मोठ्याने लावत नाहीत, पत्ते कुटत नाहीत.

कलालू म्हणजे काय हे ओळखा बरं? अळूची पानं, नारळाचं दूध, भेंडी, सगळं शिजवून घोटलेलं. आमच्या हिने पहिल्यांदा खाल्लं आणि म्हणाली, "अरे हे तर लग्नातलं फदफदं, फक्त शेंगदाणे विसरलेत."

दाशीन हेच अळू. बाजारात 'दाशीन बुश' म्हणून जुड्या मिळतात.

---

खवचट_काकू

मग झालं की. अळूवडी ने! ना गोड, ना मांस, ना सुतकाचा प्रश्न. शुक्रवारी उपास असलेल्यालाही चालेल आणि झेंड्यावालीलाही.

---

नागपुरी_तडका

मी पुरणपोळीवर ठाम आहे. सून हिंदू आहे ना? तिच्यासाठी न्या.

---

वाटाड्या

पुरणपोळीचा माझा अनुभव ऐका. तिकडे 'दालपुरी' असते, वाटाण्याची पिवळी डाळ भरडून, जिरं लसूण घालून भरलेली मोठी मऊसूत पोळी. तिखटामिठाची. आम्ही एकदा पुरणपोळ्या करून ऑफिसात नेल्या. फोरमनने बघितलं, म्हणाला "आह, दालपुरी!" आणि वर कैरीची करी ओतली. पहिला घास घेतल्यावरचा त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही. सभ्य माणूस, संपवली पूर्ण.

---

बोरकूट

खिक्! पुरणपोळीवर करी. कोल्हापूरला सांगू नका.

पण कटाची आमटी ओततोच की आपण. त्याचं काय चुकलं?

---

चौकस

धागा छान चाललाय, पण मला दुसरीच शंका आहे. चर्चमधल्या मूर्तीला हिंदू लोक 'माई' म्हणून भजतात, तेही गुड फ्रायडेला? हे कसं काय?

---

वाटाड्या

सिपारिया हे बेटाच्या दक्षिणेकडचं गाव. तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये 'ला दिविना पास्तोरा', म्हणजे दैवी मेंढपाळीण मरिया, हिची सावळ्या चेहऱ्याची लाकडी मूर्ती आहे. कापुचिन मिशनऱ्यांच्या काळातली, व्हेनेझुएलातून आली अशी कथा सांगतात. कॅथलिकांचा तिचा सण ईस्टरनंतर दोन-तीन आठवड्यांनी असतो, मोठी मिरवणूक निघते. पण हिंदू मात्र येतात ते आदल्या गुरुवारी रात्रीपासून गुड फ्रायडेपर्यंत. त्यांची ती 'सिपारी माई'. तांदूळ, तेल, फुलं, मेणबत्त्या, क्वचित सोन्याचं काहीतरी वाहतात. नवस बोलतात. आणि लहान मुलांचं जावळ काढतात! आवारात न्हावी बसायचे, मी स्वतः पाहिलेत.

पार्श्वभूमी थोडी : ३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' नावाचं जहाज कोलकात्याहून पहिले गिरमिटिये (कराराने नेलेले मजूर) घेऊन पोचलं. १९१७ पर्यंत साधारण १ लाख ४४ हजार माणसं गेली. बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातली, काही मद्रासकडची. उसाच्या मळ्यात राबायची. देवळं नव्हती. सावळी आई दिसली, तिच्यात त्यांना काली दिसली, दुर्गा दिसली.

गुड फ्रायडेच का, याबद्दल माझा आपला अंदाज : मळ्यावर त्या दिवशी सुट्टी असणार. देवीचं दर्शन सुट्टीच्या दिवशी घ्यायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

---

परखड

माफ करा, पण मला यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. परमुलखात अडाणी मजूर, समोर येईल त्याला हात जोडले. याच दारातून मग धर्मांतरं होतात. त्या अजीचं काय झालं ते दिसतंच आहे.

---

म्हापशेकर

@परखड, आमच्या म्हापशाला या एकदा. मिलाग्र सायबिणीचं (म्हणजे मरियेचं) फेस्त, ईस्टरनंतर साधारण पंधरा दिवसांनी. रांगेत अर्धे हिंदू, हातात तेलाच्या बाटल्या. कारण ती आमच्या शिरगांवच्या लईराई देवीची भयण, सात भयणींतली एक. दोन्ही घरांत देवाणघेवाण आहे. कोण अडाणी आणि कोण कोणाच्या दारातून गेला, ते त्या दोघी भयणींक विचारा.

आणि वांद्र्याच्या मोतमाऊलीला सप्टेंबरात मेणाचे हात-पाय वाहणाऱ्यांत किती जणांच्या गळ्यात मंगळसूत्र असतं ते मोजलंय का कधी?

अवांतर : कुपारींनी घंटेचं लिहिलं. आमच्याकडे त्या दिवसांत घंटेऐवजी 'मातराक' वाजवतात, लाकडाचा कटकट आवाज करणारा खुळखुळा. लहानपणी तो हातात मिळावा म्हणून आमच्या मारामाऱ्या.

---

वाटाड्या

परखड, अजीच्या धर्माबद्दल एक माहिती. १८६८ पासून कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी तिथे आले आणि त्यांनी मळ्यांतल्या भारतीय मुलांसाठी शाळा काढल्या. सरकारी शाळांकडे भारतीय पालक फिरकत नसत. शाळेमागून काही घरं ख्रिस्ती झाली, बरीच झाली नाहीत. आजही त्या शाळांत हिंदू मुलं भरपूर. मिशनरी हिंदी शिकले होते. सान फर्नांडोतल्या त्यांच्या चर्चचं नाव ओळखा : 'सुसमाचार'. होय, हाच शब्द. शेवंतीताईंच्या घरापासून लांब नसेल.

हे बरं की वाईट यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

---

शेवंती

अय्या! ते चर्च मी रोज बघते, 'सुसामाकर' वाचत होते मी!!

---

परखड

वेगळा धागा काढतो. तूर्तास अळूवडीला माझाही पाठिंबा.

---

जुना_खेळाडू

पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की आमच्या पिढीला चर्चही आठवत नाही आणि मासेही. १९७१!

त्या वर्षी ईस्टर ११ एप्रिलला होता. मंगळवारी, १३ तारखेला, क्वीन्स पार्क ओव्हलवर पाचवी कसोटी सुरू झाली. गावसकर पहिल्या डावात १२४, दुसऱ्यात २२०, तेही दाढ ठणकत असताना. चार कसोट्यांत ७७४ धावा. सरदेसाईंच्या मालिकेत ६४२. कप्तान वाडेकर. मालिका १-० ने खिशात, वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदाच. मी नऊ वर्षांचा, गिरगावातल्या चाळीत एका ट्रान्झिस्टरभोवती पंचवीस माणसं, आणि रात्री दीडला आवाज आला की मालकीणबाई खालून झाडूच्या दांड्याने छताला ठोकायच्या. नंतर तिकडच्या गायकाने गावसकरवर कॅलिप्सोही रचला.

तुम्ही जेवायला जाल तिथे अजींना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल.

---

बोरकूट

काका, प्रश्न अळूवडीचा होता.

---

जुना_खेळाडू

सनीचा डाव म्हणजे अळूवडीच. गुंडाळी घट्ट, वाफ पूर्ण, मग तळणे. हलके घ्या.

---

टोबॅगो_रिटर्न

ईस्टरचा मंगळवार म्हणजे टोबॅगोत बुक्कू गावी बोकडांची शर्यत! १९२५ पासून चालू आहे. मी दोनदा पाहिलीय. घोड्यांच्या शर्यतीसारखं सगळं : दरवाजे, रंगीत बनियनं, पैजा, समालोचन. फक्त जॉकी बोकडावर बसत नाही, दोरी धरून मागून धावतो, दुसऱ्या हातात छडी. धावपट्टी शंभरेक यार्डांची. एक बोकड मधेच थांबून प्रेक्षकांतल्या बाईच्या हातातलं भुट्टं खायला लागला, जॉकी बिचारा गुडघ्यावर बसून त्याची समजूत काढतोय. त्यानंतर खेकड्यांची शर्यतही असते. खेकडे अर्थातच आडवे जातात.

शेवंतीताई, चार दिवस सुट्टी आहे यंदा, बोटीने जाऊन या.

---

चौकस

चार? शुक्रवार आणि ईस्टरचा सोमवार धरून तीनच होतात ना, रविवारसकट? शनिवारी कसली सुट्टी?

---

वाटाड्या

३० मार्च, 'शाउटर बाप्टिस्ट' मुक्तिदिन. हीसुद्धा ख्रिस्ती सुट्टीच, पण हिची गोष्ट निराळी. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा हा पंथ. डोक्याला पांढरी-रंगीत फडकी, हातात घंटा, मोठमोठ्याने प्रार्थना, अंगात आल्यासारखं डोलणं. 'गोंगाट करतात' म्हणून इंग्रज सरकारने १९१७ साली कायद्याने बंदी घातली. माणसं जंगलात लपून प्रार्थना करायची, पकडली तर दंड. ३० मार्च १९५१ ला बंदी उठली आणि १९९६ पासून त्या दिवसाची सुट्टी. यंदा ती नेमकी गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी आलीय. म्हणजे शुक्रवारी सगळे गप्प, शनिवारी घंटा.

गंमत म्हणजे ज्या कार्निवलसाठी त्रिनिदाद जगभर प्रसिद्ध, त्या सोमवार-मंगळवारची अधिकृत सुट्टीच नाही. कामावर मात्र कुणी नसतं.

---

निळू_किंग्स्टन

जमैकाहून हजेरी. आमच्याकडे या आठवड्यात फक्त 'बन अँड चीज'. काळपट, मसाल्याचा, मनुका घातलेला लांबोळका बन, त्याच्या दोन कापांत डब्यातल्या पिवळ्या चीजचा जाडजूड काप. पहिल्या वर्षी मी नाक मुरडलं होतं. आता फेब्रुवारीपासून वाट बघते. कंपनीतून प्रत्येकाला एक बन भेट मिळतो, दिवाळीच्या सोनपापडीसारखा. फरक इतकाच की हा लोक खातात.

---

टोबॅगो_रिटर्न

मार्टिनिकला ईस्टरच्या सोमवारी समुद्रकाठी कुटुंबंच्या कुटुंबं खेकड्यांचं 'मातुतू' रांधतात. भातात मसालेदार खेकडे. तिकडे गेलेले गिरमिटिये तमिळ मुलखाकडचे, त्यामुळे मसाल्याचं नाव 'कोलोंबो'.

---

म्हापशेकर

कुर्ल्या! आता बोललात. मी बॅग भरतो.

---

नागपुरी_तडका

वाटाड्या साहेब, त्या दिवशी पुतळा बडवतात असं कुठंतरी ऐकलं होतं, खरं का?

---

वाटाड्या

खरं. 'बोबोली'. जुने कपडे, आत चिंध्या-गवत कोंबून माणूस करायचा, खांबाला बांधायचा. तो ज्युडास, येशूला धरून देणारा. गुड फ्रायडेला येता-जाता मुलं त्याला काठीने बडवतात. पूर्वी गल्लोगल्ली असायचे, आता कमी झालेत. आणि हल्ली ज्युडासपेक्षा पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्याच जास्त लटकतात. रोजच्या बोलण्यातही शब्द आलाय : ज्याला कुणीही यावं, टपली मारून जावं, तो 'बोबोली'. ऑफिसात मी बरीच वर्षं होतो.

---

नागपुरी_तडका

अरे ही तर आमची मारबत! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी नि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे, त्यांच्या गळ्यात महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या पाट्या. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" चौकाचौकात शिव्या घालून शेवटी जाळायचं. नागपूरकराला त्रिनिदादमध्ये व्हिसा लागू नये.

पुरणपोळीचा मुद्दा मागे घेतो. पोळ्याला करीन.

---

शेवंती

मंडळी, ठरलं : अळूवडी. पण आता घाबरवू नका म्हटलं तरी मीच घाबरलेय. काल एक जुडी आणून चव बघितली, घसा असा खाजला की नवऱ्याने दही, साखर, केळं सगळं खाऊन बघितलं. पानं चुकीची आणली का?

---

खवचट_काकू

देठ कोणत्या रंगाचे? काळपट देठांचा वडीचा अळू कमी खाजतो. पानाच्या मागच्या जाड शिरा सुरीने तासून काढ. चिंचेचा कोळ घट्ट हवा, भरपूर. उंडे पूर्ण वाफव, वीस मिनिटं तरी, सुरी कोरडी बाहेर आली पाहिजे. घाईघाईत अर्धकच्चे काढलेस तर सिपारी माईच वाचवू शकेल.

---

वाटाड्या

चिंच तिकडे मुबलक. बेसन नाही मिळालं तर वाटाण्याच्या डाळीचं पीठ घ्या. हळद दुकानात 'हर्दी' म्हणून मागा आणि जिरं 'गीरा' म्हणून.

आणि शुक्रवारी समुद्रावर जाऊ नका! पाण्यात उतरलं तर माणसाचा मासा होतो, असं सगळे सांगतील. खिळा ठोकायचा नाही. आणि बरोबर बारा वाजता एक गंमत बघायला मिळेल, ती सांगत नाही.

---

शेवंती | ३० मार्च २०२४

जाऊन आले. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

पहाटे चारला निघालो. सिपारियाला पोचेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, पुढ्यात फडकी पसरून. येणारे त्यावर चिल्लर, मूठमूठ तांदूळ टाकत पुढे सरकतात. शेजारणीने मला आधीच सुट्ट्या नाण्यांची पुरचुंडी दिली होती. आळंदीची आठवण झाली. माईची मूर्ती चर्चच्या शेजारच्या हॉलमध्ये ठेवलेली. मला वाटलं होतं मोठी असेल. लहानशी आहे. अंगावर झगा, गळ्यात लोकांनी वाहिलेले दागिने, चेहरा गडद. समोर एक बाई पुटपुटत तेलाची बाटली माईच्या पायाशी लावून परत पिशवीत टाकत होती. माझ्या पुढच्या माणसाने दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि मग क्रुसाची खूणही केली, जाता जाता, एका दमात. एका बाळाचं जावळही काढत होते. बाळाने जे भोकाड पसरलं, ते जेजुरीत काय नि सिपारियात काय, एकच सूर.

मी काय केलं? हात जोडले. काही मागायचं ठरवलं नव्हतं, तरी आईच्या गुडघ्यांचं मागून बसले.

येताना बोबोली दिसला. फाटकी जीन्स, एकाच पायात गमबूट, डोकं म्हणजे उशीचा अभ्रा. गळ्यातल्या पाटीवर रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल काहीतरी. नवऱ्याने गाडी थांबवून दोन काठ्या हाणल्या. म्हणाला, कालच टायर गेलाय.

बरोबर बारा वाजता अजीने सगळ्यांना एकेक पाण्याचा ग्लास दिला आणि त्यात अंड्याचा पांढरा बलक सोडला. वाटाड्याकाका, हीच ना ती गंमत? बलक पाण्यात धाग्यांसारखा वर चढतो आणि त्याच्या आकारावरून भविष्य. जहाज दिसलं तर प्रवास, चर्च दिसलं तर लग्न, पेटी दिसली तर विचारू नका. माझ्या ग्लासात अजीला शीड दिसलं. मला गणपतीची सोंड दिसली. मी शीड मान्य केलं, कारण नवऱ्याचं वर्क परमिट जूनमध्ये संपतंय आणि कुठेतरी जावं लागणारच.

आता अळूवडी. तीन उंडे केले होते, चिंच सढळ. खाजल्या नाहीत, काकू. डबा उघडला आणि सून म्हणाली, "सहीना!" त्यांच्याकडे असतो तो, अळूची पानं चिरून पिठात कालवून तळलेली. रस्त्यावर मिळतो, मी खाल्लेलाही आहे, पण माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. अजीने एक वडी उचलली, उजेडाकडे धरून तिची ती गोल गोल नक्षी बघितली. मग म्हणाली, माझी अजी अशी गुंडाळून करायची, पान पसरून, पीठ लावून, दुसरं पान उलटं ठेवून. आता कुणाला वेळ नाही, सगळे चिरून टाकतात. तिने सुनेला उठून दोन पानं आणायला लावली आणि शोकाच्या दिवशी, बनाच्या परातीशेजारी, माझी परीक्षा घेतली. पहिलं पान मी सुलटं ठेवलं म्हणून हातावर चापटसुद्धा मारली.

जुना_खेळाडू काका, गावसकरचं विचारलं. अजी म्हणाली तेव्हा आम्ही कुणाच्या बाजूने ओरडायचं यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

---

जुना_खेळाडू

कुणाच्या बाजूने ओरडली ते विचारलंत की नाही??

---

शेवंती

विचारलं. "सोबर्स" म्हणाली.

---

जुना_खेळाडू

माफ केलं. सोबर्स होता म्हणून.

---

कुपारी

छान लिहिलंत. आरशात न बघणाऱ्या माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पान नेहमी उलटंच ठेवायचं, त्या बाईंचं बरोबर आहे.

---

खवचट_काकू

ते सगळं ठीक. डबा रिकामा परत आला की भरून?

---

शेवंती

भरून! अर्ध्यात क्रॉसवाले बन, अर्ध्यात 'कुचला', किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. बनाला लोणच्याचा वास लागलाय. नवरा म्हणतो तेच बरं लागतंय.